कुकडमाथ्यावरून दिसणारा समुद्र

खालापूरहून कर्जतकडे निघालं की डाव्या हाताला बकुळबन नावाची वसाहत लागते. कमानीवर नाव लिहिलेलं आहे, पण त्यावर बोगनवेल अशी काही माजली आहे की नाव वाचायचं तर आधी छाटणी करावी लागते. त्यामुळे जाणकार माणूस पत्ता विचारत नाही. कमानीखाली पांढरी जीप उभी दिसली, आणि जीपच्या बॉनेटला टेकून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस हातवारे करत बोलताना दिसला, की समजावं, आलं बकुळबन. तो माणूस म्हणजे झहीरचाचा.

वसाहत मोठी देखणी. पंचवीस वर्षांपूर्वी इथे नुसता माळ होता. आता गल्ल्यांमधून डोक्यावर ऊन पडत नाही. सकाळी तांबट पक्षी टुकटुक करत सगळ्यांना उठवतो. राहणारे बहुतेक ठाण्या-डोंबिवलीत नोकऱ्या करून दमलेले आणि इथे सावलीला येऊन टेकलेले. भांडणं झालीच तर एकाच कारणावरून होतात, तुमच्या फणसाची फांदी आमच्या पत्र्यावर आली. तीही फणस पिकेपर्यंतच. शनिवारी या लोकांकडे मुलं-सुना-पाहुणे येतात, आणि रविवारी त्या सगळ्यांना निसर्ग पाहिजे असतो. मग चाचांना फोन जातो.

चाचांनी आजवर कुणाला कोंढाण्याच्या लेण्यांकडे नेलं, कुणाला भिवपुरीच्या धबधब्याला, कुणाला सोंडाई किल्ल्याच्या पायथ्याला. पण त्यांची खरी जागा म्हणजे कुकडमाथा. वसाहतीच्या मागे, भेरलीवाडीच्या वर उभा असलेला हा डोंगर चाचांच्या तोंडून ऐकावा. वर कातळात कोरलेलं टाकं आहे, त्याचं पाणी वैशाखातही दाताला लागतं. भादव्यात सगळा माथा सोनकीच्या फुलांनी पिवळा होतो. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं आहेत, तिथे मोठ्यानं बोलायचं नाही. आणि हे सगळं सांगून झालं की चाचा आवाज खाली आणत. "हवा साफ असंल तर मावळतीकडं बघा. समुद्र दिसतो."

ऐकणारा तिथेच अर्धा डोंगर चढून जायचा.

आता यातली गंमत अशी, की चाचा कुकडमाथ्यावर जन्मात कधी गेले नव्हते.

कुकडमाथ्यावरच काय, कुठेच गेले नव्हते. लेणी त्यांनी पाहिली नव्हती आणि सोंडाईची शिडीही पाहिली नव्हती. माणसं पायथ्याशी उतरवायची आणि जीपपाशी थांबायचं, एवढंच त्यांनी केलं. तरुणपणी ते साजगावच्या कारखान्यांत पाळीचे कामगार पोहोचवत, तेव्हा त्यांना गाडी शिकवली गजा उस्तादनं. उस्तादचं एकच सांगणं होतं, ड्रायव्हरनं गाडी सोडली की गाडी ड्रायव्हरला सोडते. झहीरनं ते एकदा मोडून पाहिलं. कुकडमाथ्याखाली जीप उभी करून ओढ्यावर तोंड धुवायला गेला, तेवढ्यात माकडांनी प्रवाशांची शिदोरी पळवली आणि एका मास्तरांचा चष्माही नेला. मास्तरांना हाताला धरून घरी सोडावं लागलं. त्या दिवसापासून झहीरनं जीप सोडली नाही. उतरणारी माणसं दमलेली आणि खुशीत असायची, बोलायला त्यांना कुणीतरी हवंच असायचं, आणि झहीर कान देऊन ऐकायचा. एकानं टाकं सांगितलं, दुसऱ्यानं फुलं सांगितली. पुढच्या रविवारी नवीन माणसानं विचारलं, "वर काय आहे हो?" तर झहीरनं ऐकलेलं सांगितलं. त्यात मीठमसाला त्याचा. "तुम्ही पाहिलंय का?" असं त्याला कुणी विचारलंच नाही, कारण इतकं रंगवून सांगणाऱ्याला तसं विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. असं करता करता दाढी पांढरी झाली आणि झहीरचा झहीरचाचा झाला. मग तर कबूल करायची सोयच राहिली नाही.

हे गुपित दोघींना माहीत होतं. एक त्यांची बायको हाजरा, आणि दुसरी भेरलीवाडीची जना. जना ठाकर जमातीची. माणसांना वर न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं, हे काम तिचं. जीप पायथ्याला लागली की ती हातात काठी घेऊन करवंदीच्या जाळीआडून हजर व्हायची. दोघांनी मिळून कितीतरी माणसांना डोंगर दाखवला, तिनं पायांनी आणि यानं तोंडानं. "तू सांगतोस तेवढा डोंगर मला बी नाय दिसत, झहीरभाय," ती हसून म्हणायची, पण परक्या माणसासमोर कधी बोलली नाही.

आणि समुद्र? तो मात्र कुठल्या प्रवाशानं सांगितला नव्हता. तो चाचांचा स्वतःचा.

हाजरा मुरूडकडची. समुद्राच्या आवाजात वाढलेली पोर लग्न होऊन या डोंगराच्या कुशीत आली आणि पहिल्या महिन्यातच कोमेजली. कामात चूक नाही, बोलण्यात चूक नाही, पण दिवेलागणीला मागच्या दारात उभी राहून मावळतीकडे बघत बसायची. चाचांचे आजोबा सुक्या मासळीच्या धंद्यापायी किनारा सोडून इथे आले होते, त्यामुळे समुद्राची ओढ घरात कुणाला कळावी अशी उरली नव्हती. पण झहीरला बायकोचं तोंड बघवेना. एक दिवस तो सहज बोलावं तसं बोलला, "त्या कुकडमाथ्यावरनं तुझा समुद्र दिसतो बरं का. पार गलबतं बी दिसतात." हाजरानं मान वर केली. "खरंच?" "तर! आजच एक पाहुणा बघून आला." त्या रात्री ती पोटभर जेवली. मग झहीरनं रोज थोडा थोडा समुद्र तिला आणून दिला. आज भरती होती, आज गलबतं जास्त होती, आज धुकं होतं. बायकोला सांगितलेली गोष्ट प्रवाशांना सांगायची राहील कशी? तिथेही समुद्र जाऊन पोहोचला. पुढे काही वर्षांनी तर चमत्कारच झाला. वरून उतरलेली माणसं आपणहून सांगू लागली, "दिसला हो चाचा, समुद्र दिसला! चमकत होता!" चाचा आधी गोंधळले, मग सुखावले. आपण थाप मारली आणि अल्लानं ती खरी केली, याहून जास्त माणसाला काय पाहिजे?

गेल्या वर्षी वसाहतीची सेक्रेटरी हर्षला झाली. पोरगी कामाची, आणि दुसऱ्यांना कामाला लावण्यात त्याहून कामाची. वसाहतीला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्यांची कुकडमाथ्याची सहल ठरवली. सकाळी डोंगर, संध्याकाळी आमराईत पोपटी. वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा आणि मडकं उलटं करून जाळ घालायचा. इथवर सगळं ठीक होतं. मग ती कमानीखाली चाचांसमोर येऊन उभी राहिली.

"चाचा, या वेळी तुम्ही वर चलायचं."

"मी? नाय वो. गाडी कोण बघंल?"

"ते बघू आपण. पण समुद्र नक्की कुठून दिसतो, ते तुम्हीच दाखवायचं. वनिताताई तीनदा जाऊन आल्या, त्यांना एकदाही दिसला नाही."

वनिताताई म्हणजे ताम्हण गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. शेजारी उभ्या होत्या. त्या कसनुसं हसल्या. "मला वाटलं माझेच डोळे गेले. मोतीबिंदू काढून घेतला, तरी दिसेना. म्हटलं आता तुम्हीच बोट धरून दाखवा."

चाचा बॉनेटचा टेका सोडून सरळ झाले. आपल्या थापेपायी एका बाईनं डोळ्याला सुरी लावून घेतली! मोतीबिंदू त्यांना असणारच होता, पण घाबरलेल्या माणसाला एवढा हिशेब कुठला सुचायला. त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. हर्षला म्हणाली, सावकाश जाऊ. त्यांनी पुन्हा गाडीचं सांगितलं. घरी येऊन कुरकुरले, तर हाजरा शेंगा निवडता निवडता म्हणाली, "गाडी मी राखते. बसंन वाल सोलत. माकडं माझ्या वाऱ्याला उभी नाय राहत."

आता सुटका नव्हती. आणि खरी अडचण गुडघ्याची नव्हतीच, खिंडीतल्या ढिगाची होती.

कुकडमाथ्याच्या अर्ध्या वाटेवर एक खिंड आहे. तिथे भेरलीवाडीच्या वाटेच्या देवाचा दगडांचा ढीग आहे. रीत अशी, की त्या वाटेनं पहिल्यांदा जाणाऱ्यानं हिरवी डहाळी वाहायची, आणि आधी येऊन गेलेल्यानं दगड. देव डहाळीवाल्याला नवखा म्हणून सांभाळून नेतो आणि दगडवाल्याला घरचा म्हणून सोडतो. हे खोटं करायचं नाही, केलं तर वाट फिरवते. चाचांना हे पाठ होतं, कारण प्रत्येक नवीन माणसाला ते स्वतःच सांगत. सांगताना बोट उगारून म्हणत, "थट्टा नाय करायची. देव त्यांचा हाय, पन वाट सगळ्यांची हाय." आता डहाळी वाहावी तर पंचवीस वर्षांची अब्रू सगळ्या वसाहतीसमोर त्या ढिगावर ठेवल्यासारखी. दगड वाहावा तर जनाच्या देवाशी खोटेपणा, तोही जनाच्या डोळ्यांदेखत.

"मग? डहाळी का दगड?" आदल्या संध्याकाळी हाजरानं विचारलंच.

"बघू," चाचा म्हणाले. एरवी इतकं बोलणारा माणूस, त्या संध्याकाळी एवढंच बोलला.

रविवारी सकाळी जीप पायथ्याला लागली. मागून बाकीच्यांच्या गाड्या आल्या. हाजरा पिवळी ओढणी डोक्यावरून घेऊन ड्रायव्हरच्या जागी बसली, मांडीवर सूप आणि सुपात भिजवून मोड आणलेले वाल. चाचा दहा पावलं जाऊन परत आले, हँडब्रेक तपासला. पुन्हा गेले, पुन्हा आले, काचा तपासल्या. "जावा आता," हाजरा म्हणाली, "का मी जाऊ वर आन् तुमी वाल सोलता?"

जना पुढे, तिच्या मागे पोरंसोरं आणि हर्षला, मग वनिताताई, आणि सगळ्यांच्या मागे चाचा. सोबतचे विचारत होते, चाचा, टाकं अजून किती लांब? चाचा दम लागल्याचं दाखवत होते. दाखवत कसले, लागलाच होता. ओढ्याच्या पात्रात त्यांनी एक चपटा, गुळगुळीत दगड उचलला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला. जना वळून बघत होती. तिनं पाहिलं. ती तशीच पुढे चालू लागली. ती ओरडली असती तर बरं, असं चाचांना वाटलं.

खिंड आली. ढीग चाचांनी सांगितला होता अगदी तसाच होता, कमरेएवढा, वर सुकलेल्या डहाळ्या. पाहुणी पोरं डहाळ्या तोडायला पळाली. जुन्या लोकांनी दगड ठेवले. वनिताताईंनी आपला तिसरा दगड ठेवून हात जोडले. मग सगळे बाजूला झाले आणि चाचांकडे बघू लागले. ज्यांनी ही रीत सगळ्यांना शिकवली, ते स्वतः कसं करतात हे बघायचंच होतं.

चाचांनी खिशात हात घातला. दगड हाताला लागला. काम सोपं होतं. ठेवायचा, पुढे जायचं, कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांनी जनाकडे पाहिलं. ती मुद्दाम पाठ करून, लांब दरीकडे बघत उभी होती. त्यांना लाजवायला ती तयार नव्हती. त्या पाठीकडे बघून मात्र चाचांचा जीव गलबलला. इतकी वर्षं या बाईनं त्यांची अब्रू अशीच पाठ करून सांभाळली होती.

त्यांनी दगड खिशातून काढला आणि वाटेच्या कडेला टाकून दिला. मग जांभळीची एक हिरवी डहाळी मोडली, ढिगावर ठेवली आणि वळून म्हणाले, "मी पयल्यांदाच आलोय."

कुणाला आधी कळलंच नाही. हर्षला म्हणाली, "म्हणजे या वर्षी पहिल्यांदा?"

"जन्मात पयल्यांदा. तुमी खाली येऊन सांगायचात, ते मी दुसऱ्यांना सांगायचो. मी गाडी सोडून कधी कुठं गेलोच नाय."

 चाचांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात जना वळली आणि काठी आपटत म्हणाली, "नवखा हाय म्हंजे आता माज्या मागनं चालायचं. मदी मदी नाय रेंगाळायचं. चल रं." आणि तिनं चाचांचा हात धरला. तीन-चार पाहुणी पोरं खिदळली. आपल्यासारखाच डहाळीवाला म्हातारा मिळाला म्हणून त्यांना भलता आनंद झाला होता. मोठेही त्यांच्यामागून चालू लागले.

माथ्यावर पोहोचले तेव्हा चाचांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. पण डोळे मात्र भिरभिरत होते. टाकं सांगितल्यापेक्षा लहान होतं. ते ओंजळ भरून पाणी प्यायले. दाताला लागलं. "हे खरं निघालं," ते स्वतःशीच म्हणाले. कड्याच्या कपारीत मोहोळं होती, आणि चाचा एकटेच त्यांच्याजवळून तोंडावर हात ठेवून गेले.

मग वनिताताई मावळतीकडच्या कडेला उभ्या राहिल्या. "चाचा! समुद्र म्हणतात तो हाच का, चमकतोय तो?"

सगळे धावले. डोंगरांच्या मधोमध खरंच पाण्याचा एक पट्टा उन्हात झळझळत होता. चाचांचं काळीज उडालं. क्षणभर त्यांना वाटलं, आहे, खरंच आहे. त्यांनी जनाकडे पाहिलं.

"धरान हाय," जना म्हणाली. "मोरब्याचं. धरान झालं तवापासनं लोक त्यालाच समुद्र म्हनत्यात. आदी तर तितं शेतं व्हती."

आता काय लपवायचं उरलं होतं? चाचा वनिताताईंसमोर जाऊन उभे राहिले. "ताई, समुद्र नाय इथनं दिसत. ती माजी थाप व्हती. घरात बोललेली, ती बाहेर गेली. तुमी डोळ्याचं आपरेशन..." 

वनिताताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

"एकदम."

"तीन वेळा मला धरणच दिसलं होतं हो! सगळे समुद्र समुद्र म्हणतात म्हणून मी गप्प बसले." आणि निवृत्त मुख्याध्यापिकेला शोभणार नाही अशा आवाजात त्या हसत सुटल्या. मग हर्षला हसली, मग सगळेच. चाचा हसावं की नाही या विचारात उभे होते, ते शेवटी हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

शिदोऱ्या सोडायला लोक सावलीत निघाले, पण निघण्याआधी प्रत्येक जण पायथ्याच्या बाजूला जाऊन खाली डोकावत होता. चाचांना नवल वाटलं. ही बाजू कुणी कधी सांगितली नव्हती. तिथे ना टाकं, ना फुलं.

"हितं काय हाय, जना?"

"तुजी गाडी," जना म्हणाली. "वर आलेलं मानूस पयलं हितं येतं. गाडी दिसली म्हंजे त्याचा जीव थाऱ्यावर येतो. पावसात एकदा बाया घाबरून रडाया लागल्या, तवा मी त्यांना हितं आनून गाडी दाखवली. म्हनलं, ती बगा, झहीर हाय खाली, आपल्याला घेतल्याबिगर जानार नाय. गप झाल्या."

"आन् मला कुनी सांगितलं कसं नाय हे?"

"तुज्याच गाडीचं तुला काय सांगायचं?"

चाचा कडेला आले. खाली बकुळबन हिरवंगार, एकही घर धड दिसत नव्हतं. त्याच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी जीप. तिच्या दारात एक पिवळा ठिपका. हाजरा. इतकी वर्षं ते तिथे उभे होते आणि वरून आपण असे दिसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि तिथे आपली वाट बघत कुणी बसलेलं दिसलं की छातीत काय होतं, तेही आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जोरजोरात हलवली. एवढ्या लांबून काय दिसणार. पण थोड्या वेळानं खालून जीपचा हॉर्न वाजला, लांबलचक, दोनदा. चाचा स्वतः उशीर करणाऱ्यांना वाजवायचे तसाच.

"चला," चाचा घाईघाईनं म्हणाले, "बोलावतायत."

खाली आले तेव्हा वाल सोलून झाले होते. लोक आपापल्या गाड्यांकडे गेले. हाजरानं पाण्याची बाटली पुढे केली. चाचा प्यायले, आणि बाटली तशीच हातात धरून उभे राहिले.

"दिसला का समुद्र?"

"नाय गं," ते म्हणाले. "धरण हाय ते. समुद्र कधी नव्हताच. मी तुला खोटंच सांगत आलो."

हाजरा सुपातली सालं पाखडत होती. हात थांबले नाहीत. "मला ठाऊक व्हतं. लग्नाच्या पयल्याच साली जनाला विचारलेलं मी."

"मग इतकी वर्सं बोलली का नाय?"

तिनं सूप बाजूला ठेवलं, ड्रायव्हरची जागा मोकळी केली आणि सरकून शेजारच्या जागेवर बसली.

"तुमी सांगायचात ना," ती म्हणाली, "तवा मला दिसायचा."